सोंग

पांडुरंगा, अठ्ठावीस युगं तू एकाच विटेवर, एकाच ठेवणीत उभा. कमरेवरचे हात खाली घेत नाहीस, की बोलत नाहीस. तुला कधी कुणी म्हणालं नाही, नीट उभा राहा. त्या पोराला मात्र मी म्हणाले. मुरुडच्या या वर्गात त्याच्या हनुवटीखाली बोट धरून मीच म्हणाले, “बाईकडं बघून बोल.”

तो शिकला, देवा. माझ्या दोन भुवयांच्या मधोमध बघतो, म्हणजे डोळ्यांत बघितल्यासारखं दिसतं. आठ वर्षांच्या लेकरानं ही युक्ती स्वतः शोधली, आणि मी शेजारच्या वर्गातल्या बाईंना कौतुकानं सांगितलं, सुधारला म्हणून!

आनंद झाला की त्याचे हात फडफडतात. पोरं हसतात, म्हणून आता मांडीखाली दाबून बसतो. परवा वही घ्यायला हात पुढं केला, तर तळव्यावर बसकरपट्टीची वीण उमटलेली. परिपाठाला कर्णा लागला की ओठ आवळून उभा राहतो. बार्शी रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की पाढा असेल तिथं तुटतो. आई सांगते, घरी आला की दप्तर टाकून बाजेखाली शिरतो, तासभर निघत नाही. “बाई, साळंत काय होतंय ओ त्याला?” काहीच नाही, म्हणाले मी, लई गुणी आहे. भारुडातलं सोंगसुद्धा रात्रीपुरतं असतं. याचं रोज, दहा ते पाच.

अपंगांच्या 1995च्या कायद्यात सात अपंगत्वं होती, या पोराची स्वमग्नता नव्हती. 2016च्या कायद्यात एकवीस झाली, त्यांत ती आली. परीक्षेला जादा वेळ मिळतो, ते कागद आम्ही वेळेवर भरतो. लातूर पॅटर्नचा जिल्हा आमचा, मार्कांचं सगळं आम्हाला कळतं. पण हात हलवू देण्याचा रकाना त्या कागदात नाही.

त्याला बरा कर, असं मागत नाही. आजारी नाहीच तो. “बघून बोल” ओठांवर आलं की माझी जीभ धर. पोरं हसली तर छडी न घेता त्यांना समजावता येऊ दे. रस्त्यापासून लांबची, मागच्या भिंतीजवळची जागा त्याला देते. उद्या परिपाठाला कर्णा लावणार नाही, तोंडीच म्हणू प्रार्थना. हेडसर विचारतील, तेव्हा मला नीट सांगता येऊ दे. आणि तो कपाटाकडं बघत पाढा म्हणायला लागला, तर “ऐकतेय रे मी” एवढंच तोंडून निघू दे.