चाव्या कोणाकडे?

चि. सोनू,

परवा तुझा फोन आला तेव्हा इथे वीज गेली होती, धड बोलता आलं नाही. बर्लिनला थंडी सुरू झाली असेल. मेतकूट संपलं की कळव, संकोच नको. तुम्ही मुलं अ‍ॅपसाठी स्वतःची ब्लॉकचेन काढणार, हे ऐकून आनंद झाला आणि जीव थोडा धास्तावलाही.

इथेरियमच्या सामाईक ब्लॉकचेनवर गर्दी होते, कबूल. २०१७ च्या डिसेंबरात क्रिप्टोकिटीज या मांजरांच्या खेळाने सगळं नेटवर्क तुंबवलं होतं. दुसऱ्याच्या खेळापायी आपली फी का वाढावी? डीवायडीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवाले २०२३ मध्ये इथेरियमचा आधार सोडून कॉसमॉसच्या चेन उभारायच्या साधनांवर आपली चेन उभारून बसले, ते उगाच नाही.

पण राजा, रोनिन विसरू नकोस. अ‍ॅक्सी इन्फिनिटी या खेळासाठी काढलेली चेन, झटपट आणि स्वस्त. व्यवहार तपासून सही करणारे व्हॅलिडेटर तेव्हा अवघे ९. पाच सह्या जमल्या की ब्रिजवरून, म्हणजे दुसऱ्या चेनशी जोडणाऱ्या पुलावरून, पैसे मोकळे. मार्च २०२२ मध्ये चोरांनी सही करायच्या पाच चाव्या मिळवल्या. चार एकट्या खेळाच्या कंपनीच्याच होत्या! पाचवी खेळाच्या डीएओची, म्हणजे सभासदांच्या मतांवर चालणाऱ्या संस्थेची. नेटवर्कवर ताण वाढला म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये डीएओने कंपनीला आपल्या वतीने सही करायची परवानगी दिली, डिसेंबरात ती सोय थांबली, परवानगी मात्र कोणी काढून घेतली नाही. सुमारे ६० कोटी डॉलर गेले. कळलं सहा दिवसांनी, एका ग्राहकाला पैसे काढता येईनात तेव्हा.

आमच्या बँकेत तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असत. रजेवर जाताना दिलेली चावी परतल्यावर रजिस्टरात नोंद करूनच ताब्यात घ्यायची. नवी पोरं हसायची त्या रजिस्टराला.

म्हणून पोलकाडॉट या नेटवर्ककडे एकदा नीट बघ. तिथे नियम आपल्या चेनचे, राखण मात्र सगळ्यांच्या सामाईक व्हॅलिडेटरांची. त्याचे पैसे मोजावे लागतात, थोडं त्यांच्या कलानं घ्यावं लागतं. माझ्या मते नवख्यांना ते परवडतं. वेगळंच राहायचं असेल तर व्हॅलिडेटर खरोखर परक्या माणसांचे हवेत. एकाच टीमच्या लॅपटॉपांवरचे दहा व्हॅलिडेटर म्हणजे एकच व्हॅलिडेटर. आणि वेळेपुरती दिलेली परवानगी काम संपल्याच्या दिवशीच काढ.

बाबांचा गुडघा आता बरा आहे, मळ्यापर्यंत चालत जातात. जेवणाची आबाळ करू नकोस. तुमचे व्हॅलिडेटर किती आणि कोणाकोणाचे, ते मला पुढच्या फोनवर सांग.

तुझी
आत्या