दोन्हीकडची अढी

नगरला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पूर्वी टेप बसवायचो, आता स्क्रीन. रोजची तक्रार एकच: "कालपर्यंत मोबाईल लागत होता, आज लागत नाही." केबलचं दुखणं सोपं. काही स्वस्त केबलींत चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. त्यांवर अँड्रॉइड ऑटो चालणारच नाही. ब्लूटूथचं दुखणं मात्र मला विचारात पाडतं.

पहिल्यांदा जोडताना गाडीच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर एकच सहा आकडी नंबर येतो. दोन्हीकडून होकार मिळाला की एक गुप्त किल्ली तयार होते आणि दोघं ती आपापल्याकडे जपतात. पुढे मोबाईल रीसेट केला की त्याच्याकडची किल्ली जाते, गाडीकडे जुनीच राहते. यादीत नाव दिसतं, पण जोडणी होत नाही. अशा वेळी बहुधा गाडीतून मोबाईल काढावा लागतो, मोबाईलमधून गाडी काढावी लागते आणि नंबर नव्यानं जुळवावा लागतो. एकाच बाजूनं पुसून भागत नाही.

मग क्षमेचं काय? शेताच्या बांधावरून थोरल्या भावानं माझ्याशी अबोला धरला. मी त्याला मनातून केव्हाच माफ केलंय, तरी बोलणं नाही. हरिपाठाला बसणारे एक आजोबा म्हणतात, आपण माफ केलं की आपलं काम संपलं. मला ते पटत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला प्रवरेकाठी, 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. संन्याशाची पोरं म्हणून ज्या भावंडांना वाळीत टाकलं, त्यांतल्याच एकानं शेवटी पसायदान मागितलं. त्यात आपल्या छळाचा शब्दही नाही. कुणी माफी मागायला येईल याची वाट न बघता ज्ञानदेवांनी आपल्या मनातलं पुसून टाकलं होतं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दुष्टांचा वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, जीवाजीवांत मैत्री व्हावी, हे त्यांनी देवाकडे मागितलं. आपलं मन त्यांच्या हातात होतं, म्हणून ते मागावं लागलं नाही. समोरच्याचं मन हातात नव्हतं, म्हणून मागणं त्याच्यासाठी केलं.

एकादशीला मी नेवाशाला ज्ञानदेवांच्या पैस खांबाच्या दर्शनाला जातो, तेव्हा स्वतःसाठी शांती मागत नाही. थोरल्याच्या मनातली अढी जावी, एवढंच मागतो.