वाघोबाची वहिवाट

टोल्कीनने रचलेल्या एल्फ जातीची दैवते कितीही तेजस्वी असली, तरी ती समुद्रापलीकडील, मर्त्यांस निषिद्ध अशा भूमीत वास करतात. उलट ठाण्याच्या येऊर डोंगरातील वारली ज्याला भजतो तो वाघोबा पाड्याच्या शिवेवरच शेंदूर लेवून उभा असतो, आणि त्याचा सजीव प्रतिनिधी जो बिबट्या, तो रात्री तेथूनच हिंडतो. जो आपली शेळी, प्रसंगी आपले मूलही, उचलून नेऊ शकतो त्याला देव का म्हणावे? भीतीतून उपजलेली ही प्राथमिक उपासना होय, असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला तो मान्य नाही. वाघबारशीस नैवेद्य ठेवणारा वारली नुसती दयेची याचना करीत नाही, तर अरण्याच्या सामाईक वहिवाटीची कबुलायत जणू दरसाल नवी करून घेतो, आणि तीत देवही बांधला जातो. (वनखात्याच्या दप्तरी असली कबुलायत सापडायची नाही, ही गोष्ट वेगळी!)

वारल्याची इतर दैवतेही अशीच जवळ नांदतात: धान्यात कणसरी, घरात हिरवा आणि लग्नासाठी भिंतीवर लिहिलेल्या चौकात पालघाट देवी. तो चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, आणि गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच. पौरोहित्याचा हा अधिकार आमच्या शहरी धर्मशास्त्राने आपल्या लेकीसुनांस क्वचितच दिला. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ही चित्रे १९७० नंतर कागदावर उतरून जगभर गेली. प्रदर्शनातील चौकात पालघाट असते किंवा कसे, याचा निवाडा मात्र संग्रहालयाने नव्हे, धवलेरीने करावयाचा आहे.