मोत्याची खाली गेलेली मान



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८

विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने हीन ठरवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस समदृष्टीने पाहतो, असं भगवंत इथे सांगतात. हा श्लोक मी कितीदा वाचला असेल. पण त्यातला कुत्रा मला परवा भेटला.

ऑफिसातून वैतागून आलो, तर चार्जरची वायर कुरतडलेली. मी मोत्यावर ओरडलो. त्याने कान मागे पाडले, शेपटी पायात घातली, नजर चुकवली. मी म्हटलं, "बघा, गुन्हा कबूल केला!" सकाळी खणातली दुसरी वायरही तशीच निघाली, शेजारी उंदराच्या लेंड्या. मोत्याचा काहीच दोष नव्हता.

मग आठवलं, २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने यावरच प्रयोग केला होता. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, यावर तो 'अपराधी' चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला, की तो दिसायचा. खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांवर रागावलं, तेव्हा तर तो जास्तच दिसला. म्हणजे मोत्या कबुली देत नव्हता. तो माझा राग वाचत होता. मी मात्र त्याला वाचलंच नाही.

आणि मग पोटात गोळा आला. अभ्यासावरून ओरडलो की माझा सहा वर्षांचा मुलगाही अशीच मान खाली घालतो. "कळली ना चूक?" असं मी विचारतो. त्याला चूक कळलेली असते, की फक्त बाबा रागावलाय एवढंच?

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. कुत्र्याने भाकरी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवाला कोरडी भाकरी लागू नये म्हणून! आपण चोर पाहिला असता. त्यांनी भुकेला विठ्ठल पाहिला.

समदृष्टी म्हणजे आधी नीट पाहणं, आपला राग समोरच्याच्या चेहऱ्यावर न चिकटवता. निदान मला तरी आज एवढंच कळतंय.

काल मुलाला जवळ घेऊन सॉरी म्हटलं. मोत्याला काही सांगावं लागलं नाही, तो शेपटी हलवत कधीच येऊन बसला होता.

आजचा संकल्प : आवाज चढवण्याआधी एकदा विचारायचं, "काय झालं रे?"

राम कृष्ण हरी 🙏