न्यासपत्राचे मौन

पाठाचा अर्थ कर्त्याच्या हेतूत असतो की वाचणाऱ्या समूहात, हा प्रश्न इंग्लंडमध्ये एकदा प्रार्थनास्थळांच्या मालकीचा झाला. त्रित्व नाकारणारे युनिटेरियन पूर्वजांच्याच चॅपेलांत उपासना करीत. लेडी ह्यूली न्यासाच्या खटल्यात १८४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने संस्थापिकेचा हेतू प्रमाण मानून त्यांना वगळले. तेव्हा ही चॅपेलेही धोक्यात आली. १८४४ च्या कायद्याने मात्र, न्यासपत्र विशिष्ट मताविषयी मौन असेल तिथे २५ वर्षांचा प्रघात निर्णायक ठरवला.

विचारस्वातंत्र्याचा हा विजय अपुराच म्हणावा लागतो. प्रघात समूहाचा असतो, शंका एकट्याची. चॅपेलात उद्या कोणी वेगळा विचार मांडला, तर या कायद्याचा त्याला आधार नाही. पूर्वजांच्या मौनाने ज्यांना मोकळीक दिली, त्यांनी आपल्या निष्कर्षांनी पुढच्यांना बांधू नये, हे नैतिक दायित्व कोणताही कायदा पार पाडू शकत नाही.