थोरली पाती, धाकटी पाती आणि युनिक्स

धारला पवारांची गादी एकच. देवासला मात्र तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या वंशांत ती वाटली गेली: थोरली पाती आणि धाकटी पाती. खुद्द गावातल्या मुख्य रस्त्याची एक बाजू थोरल्यांकडे, दुसरी धाकट्यांकडे. पाण्याची सोय वेगळी, दिवाबत्ती वेगळी. १९४८ साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि हा घोळ मिटला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या सोर्स कोडवरच्या हक्काचीही अशीच वाटणी झाली. ती अजून मिटलेली नाही.

युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मली. तिची मालक टेलिफोन कंपनी एटी अँड टी. १९५६ च्या कोर्टाच्या आदेशामुळे कंपनीला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात पडता येत नव्हतं, म्हणून विद्यापीठांना कोड नाममात्र पैशांत मिळे. अट एवढीच, की तो गुपित मानायचा. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीचा कोड विद्यार्थ्यांसाठी उलगडून दाखवला. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवायलाच मनाई केली. मग लायन्स यांच्या टिपणाच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत राहिल्या; ते रीतसर छापून यायला १९९६ उजाडलं. इतक्यांनी वाचलेल्या गोष्टीला गुपित म्हणायचं, हे कायद्यालाच जमतं!

पुढे गुपिताची जागा कॉपीराइटने घेतली. १९९२ साली एटी अँड टीच्या उपकंपनीने बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सवर बेतलेल्या कोडवरून दावा लावला. न्यायाधीशांनी मनाई हुकूम नाकारला. युनिक्सची ३२व्ही ही आवृत्ती कॉपीराइटची सूचना न लावता वाटली गेली होती, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात एवढ्यानेही हक्क जाऊ शकत होता. १९९४ साली तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या.

खरी वाटणी १९९५ ची. तोवर युनिक्स नॉव्हेल या कंपनीकडे आली होती; तिने हा धंदा सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला. विकायच्या यादीत युनिक्सचे सगळे हक्क, आणि वगळायच्या यादीत सगळे कॉपीराइट! हा धंदा पुढे कॅल्डेरा या कंपनीकडे गेला. जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेराने पहिल्या सात आवृत्त्या आणि ३२व्ही कुणालाही वापरायला मोकळ्या केल्या. जुन्या कोडचे शौकीन खूश झाले. पण मार्च २०१० मध्ये याच वादाच्या खटल्यात ज्यूरीने कौल दिला, की कॉपीराइट नॉव्हेलकडून गेलेच नव्हते. मग कॅल्डेराच्या परवानगीला अर्थ काय उरतो? माझ्या मते अभ्यासाला ती पुरेशी आहे. तिच्या भरवशावर माल विकायला काढणं मात्र धाडसाचं.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या १९८४ च्या दुरुस्तीने प्रोग्राम ‘साहित्यकृती’त आला. नोंदणी नको, सूचना नको. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण. १९९० साली लिहिलेल्या प्रोग्रामचा लेखक २०४० साली वारला, तर हक्क २१०० पर्यंत. तो चालवणारं यंत्र तोवर भंगारातही सापडणार नाही. मुदत ठरवताना पुस्तक डोळ्यांसमोर होतं, हे उघड आहे.

पुन्हा युनिक्सकडे. २०१७ साली बेल लॅब्जची वारसदार कंपनी अल्काटेल-ल्युसेंटने युनिक्सची आठवी ते दहावी आवृत्ती बिगरव्यापारी कामासाठी वापरणाऱ्यांवर कॉपीराइट बजावणार नाही, असं जाहीर केलं. परवाना दिला नाही, हक्कही सोडला नाही. दावा लावणार नाही, एवढंच वचन. व्यापारासाठी कोणताही हक्क देत नाही, हे त्यात स्पष्टच म्हटलं आहे.