‘नाही’ आणि ‘नव्हे’: चिलटांच्या नकाशातील अभावाचा प्रश्न

एखादी वस्तू एखाद्या ठिकाणी नाही, हे माणसाला कशाच्या बळावर कळते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची छाननी करणाऱ्या शास्त्रातील, फार जुना वाद आहे. वस्तूचे असणे डोळ्यांना दिसते. पण तिचे नसणेही दिसते, की ती न दिसल्यावरून ते ठरवले जाते, या मुद्द्यावर मीमांसक, नैयायिक आणि बौद्ध तार्किक शतकानुशतके वाद घालत आले आणि त्यासाठी घट नसलेल्या जमिनीचे साधे उदाहरण पुन्हा पुन्हा वापरत आले. कीटकांच्या जातींचा भौगोलिक प्रसार नोंदवणाऱ्या अभ्यासकासमोर हाच प्रश्न प्रत्येक नकाशात उभा राहतो, कारण ज्या चौकोनात ठिपका नाही तेथे ती जात नाही, की तेथे कोणी पाहिलेच नाही, हे कोरा कागद सांगत नाही. चावऱ्या चिलटांच्या बाबतीत या प्रश्नाच्या उत्तरावर मेंढ्यांचे कळप आणि देशोदेशींचा पशुव्यापार अवलंबून राहिला असल्याने तो येथे विशेष नीट तपासता येतो.

ही चिलटे क्युलिकॉइडिस या प्रजातीत, म्हणजे परस्परांशी निकट असलेल्या जातींच्या समूहात, मोडतात. त्यांची लांबी साधारण 1 ते 3 मिलिमीटर असते आणि त्यांच्या 1,300 हून अधिक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. रक्त शोषते ती केवळ मादी, कारण अंडी पक्व होण्यासाठी तिला त्याची गरज असते. अळ्या ओल्या चिखलात, शेणात, कुजलेल्या पाल्यात किंवा झाडाच्या ढोलीतील पाण्यात वाढतात. यांतील काही जाती नीलजिव्हा, म्हणजे पशुवैद्यकांच्या बोलण्यातील ब्लू टंग, या रोगाचे विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, हे डू टॉइट यांनी 1944 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दाखवून दिले. या रोगात मेंढीला ताप येतो, तोंड सुजते, क्वचित जीभ निळसर पडते आणि अनेक मेंढ्या दगावतात. गाय मात्र बहुधा वरून निरोगी दिसत असतानाच आठवडेच्या आठवडे रक्तात विषाणू बाळगते. जनावरांच्या आपापसांतील नेहमीच्या सहवासाने हा रोग सहसा पसरत नाही, तो चिलटामार्फत पसरतो. त्यामुळे कोणती जात कोठे आहे हे ठाऊक असणे हाच रोगाच्या भूगोलाचा पाया ठरला.

मराठी भाषेने या विषयात एक भेद आधीच जपून ठेवला आहे. इमिकोला या क्युलिकॉइडिसच्या एका जातीविषयीच्या ‘येथे इमिकोला नाही’ आणि ‘हे चिलट इमिकोला नव्हे’ या दोन वाक्यांत निषेध दोन वेगळ्या प्रकारांचा आहे: पहिल्यात एका ठिकाणचे अस्तित्व नाकारले जाते, तर दुसऱ्यात दोन वस्तूंचे ऐक्य नाकारले जाते. न्यायशास्त्राने पहिल्याला संसर्गाभाव, म्हणजे आधाराशी संबंध नसणे, आणि दुसऱ्याला अन्योन्याभाव, म्हणजे एक वस्तू दुसरी नसणे, अशी नावे दिली. नकाशातील ‘नाही’ नेहमीच प्रयोगशाळेतील ‘नव्हे’वर उभे असते. पंखावरील करड्या व काळसर ठिपक्यांच्या रचनेवरून, मुखांगावरील संवेदक खळग्यांवरून आणि मादीच्या शरीरातील शुक्रकोशांच्या आकारावरून जात ओळखली जाते. परंतु ओब्सोलेटस आणि स्कॉटिकस या युरोपातील दोन जातींच्या माद्या बाह्य लक्षणांवरून एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी जनुकीय तपासणी करावी लागते. अशी तपासणी उपलब्ध होण्यापूर्वीच्या नोंदींत या माद्या ‘ओब्सोलेटस गट’ अशा एकाच नावाखाली जमा होत, आणि जेथे ‘नव्हे’ म्हणता येत नव्हते तेथे एकट्या स्कॉटिकसविषयी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही नव्हता.

अभावाच्या ज्ञानाविषयी दर्शनांची मते वेगवेगळी आहेत. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते प्रत्यक्ष, अनुमान आदी पाच प्रमाणे जेथे प्रवृत्त होत नाहीत तेथे अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हेच सहावे स्वतंत्र प्रमाण असते, आणि अद्वैत वेदान्तानेही पुढे ते स्वीकारले. नैयायिकांनी स्वतंत्र प्रमाण नाकारले. त्यांच्या मते घटरहित जमीन पाहताना घटाचा अभावही इंद्रियांनीच जाणला जातो आणि न आढळणे हे त्या प्रत्यक्षाला केवळ साहाय्य करते. मीमांसक प्रभाकराच्या अनुयायांनी तर अभाव हा वेगळा पदार्थच मानला नाही, नुसती जमीन दिसणे एवढेच तेथे घडते असे ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने नकाशातील कोरा चौकोन हा कोरा कागदच असतो, आणि नोंदकर्त्याला हे मत निदान एक सावधगिरी शिकवते: कागद कोरा असणे आणि प्रदेश कोरा असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

अनुपलब्धी मानणाऱ्यांनी स्वतःच तिला एक कडक अट घातली होती. कोणतेही न दिसणे प्रमाण ठरत नाही. ते योग्य असावे लागते, म्हणजे वस्तू तेथे असती तर ती आढळलीच असती असे म्हणता आले पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे कोणी ठरवत नाही. चिलटांच्या बाबतीत हे उदाहरण उलटे होते, कारण घट उजेडात शोधावा लागतो, तर चिलटे बहुधा अंधार पडल्यावर, अतिनील दिव्याच्या सापळ्याने गोळा केली जातात: दिव्याकडे ओढला गेलेला कीटक पंख्याच्या झोताने खाली ओढला जातो आणि साबणाच्या पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये पडतो. हा सापळा गोठ्याजवळ एका रात्रीत हजारो चिलटे धरू शकतो, तरी दिवसाउजेडी किंवा तिन्हीसांजेच्या आधी उडणारी जात त्यात कमी येते, वारा वाढला की चिलटे उडतच नाहीत, आणि कायोप्टेरस ही जात मेंढीच्या अंगावरून थेट गोळा केल्यास जेवढी मिळते त्या मानाने दिव्यावर थोडीच सापडते. म्हणून सापळ्यातील रिकामेपण योग्य आहे की नाही, हे जात, ऋतू, हवामान आणि साधन या सर्वांवर ठरते.

बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी हीच मर्यादा अधिक काटेकोरपणे आखली. त्यांच्या मते जी वस्तू दिसण्याजोगी आहे तिचे न दिसणे अभाव सिद्ध करते. परंतु जी देशाने, कालाने किंवा स्वभावाने विप्रकृष्ट, म्हणजे पाहणाऱ्यापासून दुरावलेली, आहे तिच्या न दिसण्यातून फक्त संशय निर्माण होतो, आणि स्वभावाने दुरावलेल्या वस्तूचे परंपरागत उदाहरण पिशाचाचे आहे. चिलटांत हे तिन्ही दुरावे आढळतात: सापळा एका गोठ्यात आणि जात पलीकडच्या ओढ्याकाठी असते, सापळा एका महिन्यात आणि माद्यांचा भर दुसऱ्या महिन्यात असतो, आणि जी जात शेजारच्या जातीहून डोळ्यांना वेगळी दिसतच नाही ती समोर असूनही स्वभावाने दुरावलेली राहते.

अशा संशयाला निश्चयाचे रूप दिल्यास काय होते, हे भूमध्य समुद्राभोवतीच्या अनुभवातून कळते. इमिकोला ही आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात आढळणारी उष्ण प्रदेशातील प्रमुख वाहक जात. सन 2000 मध्ये सार्डिनिया बेटावर नीलजिव्हेची साथ आली आणि त्याच सुमारास तेथे या जातीची नोंद झाली, तेव्हा हवामान तापत असल्याने ती नुकतीच उत्तरेकडे सरकली, असे स्पष्टीकरण पुष्कळांना सयुक्तिक वाटले. न्यायाच्या परिभाषेत हा प्रागभाव झाला, म्हणजे वस्तू येण्यापूर्वीचे, तिच्या येण्याने संपणारे नसणे. पुढे जनुकीय अभ्यासांनी मात्र पश्चिम भूमध्य प्रदेशातील ही जात तेथे फार प्राचीन काळापासून वसलेली असावी असे दर्शवले. जुन्या नोंदींतील ज्या रिकाम्या जागेला प्रागभाव मानले गेले, ती मुख्यतः शोधाची उणीव असण्याचा संभव त्यामुळे पुढे आला. तापमानाचा परिणाम यावरून खोटा ठरत नाही. एवढेच ठरते की ज्या पुराव्याला ‘पूर्वी नव्हते’ असे म्हणायचे बळ नव्हते, त्याच्याकडून ते वदवून घेतले गेले होते.

उत्तर युरोपातील चूक वेगळ्या प्रकारची होती. ऑगस्ट 2006 मध्ये नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, मास्ट्रिख्टच्या परिसरात, नीलजिव्हेच्या विषाणूचा आठवा प्रकार आढळला आणि तो पाहता पाहता बेल्जियम, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि उत्तर फ्रान्समध्ये पसरला. तेथे इमिकोला नाही ही नोंद खरी होती. शोध घेऊनही ती सापडली नाही. सदोष होती ती व्याप्ती, म्हणजे ‘जेथे रोगाची मोठी साथ तेथे ही जात’ हा अनुमानाचा आधारभूत नियम. ओब्सोलेटस गटावरचा संशय जुना असला तरी थंड प्रदेशात त्याच्याकडून एवढी साथ पसरेल असे फारसे कोणी गृहीत धरले नव्हते. प्रत्यक्षात तो गट आणि शेणात वाढणाऱ्या डेवुल्फी व कायोप्टेरस या स्थानिक जाती वाहक म्हणून पुढे आल्या. एका वस्तूचा अभाव अचूक जाणूनही त्यावरून दुसरीचा अभाव काढताना चूक होऊ शकते, हा नैयायिकांचा इशारा येथे गोठ्यागोठ्यांतून खरा झाला.

साथीनंतरही व्यवहाराला कोठेतरी ‘नाही’ म्हणावेच लागले. युरोपीय संघाच्या 2007 सालच्या 1266 क्रमांकाच्या नियमाने जनावरांच्या वाहतुकीसाठी वाहकमुक्त हंगाम ठरवताना, अधिक भक्कम पुरावा नसल्यास, सापळ्यात इमिकोला मुळीच नसावी आणि एकदा अंडी घालून झालेल्या, म्हणजे पूर्वी रक्त प्यायलेल्या, माद्या पाचांपेक्षा कमी असाव्यात अशी मर्यादा घातली. अंडी घालून गेलेल्या मादीच्या पोटावर तांबूस रंगद्रव्य दिसते, त्यावरून ही मोजणी होते. चार माद्या असताना ‘नाही’ म्हणणे तर्काला विसंगत वाटेल. परंतु हा नियम अभावाचे ज्ञान झाल्याचा दावा करत नव्हता, किती अनिश्चितता पत्करून वागायचे ते उघडपणे सांगत होता. व्यवहारातील संमत ‘नाही’ आणि प्रमाणसिद्ध ‘नाही’ यांतील ही सीमा जोवर लेखी राहते तोवर त्यात अप्रामाणिकपणा नसतो.

येथे असा आक्षेप संभवतो की योग्यतेची अट इतकी ताणली तर कोणत्याही जातीविषयी कोठेही ‘नाही’ म्हणता येणार नाही आणि प्रसाराची नोंद म्हणजे कायमचा संशयवाद ठरेल. या आक्षेपाला जैन परंपरेतून एक उपयुक्त उत्तर मिळते. स्याद्वादानुसार ‘नाही’ हे विधानही ‘स्यात्’, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, केले जाते, आणि ती अपेक्षा द्रव्य, क्षेत्र, काल व भाव या चार अंगांनी सांगितली जाते. चिलटाच्या नोंदीत हीच चार अंगे लागतात: कोणती जात, कोणते ठिकाण, कोणती तारीख, आणि कोणत्या अवस्थेतील मादी. या चौकटीत बांधलेले ‘नाही’ लहान असते, पण खरे असते. चौकटीबाहेर काढले की ते मोठे होते आणि खोटे ठरण्याची शक्यता वाढते.

भारतात शेळ्यामेंढ्यांतील नीलजिव्हेची पहिली नोंद 1964 मध्ये महाराष्ट्रातून झाली. त्या वर्षापूर्वी धनगरांच्या कळपांत हा रोग नव्हता, असे त्या नोंदीवरून सिद्ध होत नाही. पहिली नोंद ही ओळख पटल्याची तारीख असते, रोग आल्याची नव्हे. भारतात इमिकोला, ऑक्सिस्टोमा, पेरेग्रिनस अशा अनेक जाती आढळतात, आणि कोणत्याही तालुक्याच्या कोऱ्या चौकोनाचा अर्थ लावताना हीच सावधगिरी बाळगावी लागेल.

त्यासाठी लागणारे साधन फार अवघड नाही, मात्र ते सहज टाकून दिले जाते. सापळ्यात काही मिळाले की त्याची नोंद होते, नाव लागते, ठिपका पडतो. सापळा लावला, रात्र अनुकूल होती, दिवा सकाळपर्यंत जळत राहिला आणि शोधलेली जात आली नाही, ही ओळ मात्र नोंदवहीत लिहिण्याजोगी वाटत नाही आणि बाटली धुतली जाते. शोधाची ठिकाणे, रात्री, साधन आणि हवामान सांगणारी तीच ओळ न आढळण्याला योग्यता देते. ती लिहिलेली असेल तर नकाशातील रिकामी जागा अभावाची साक्ष होऊ शकते. लिहिलेली नसेल तर प्रभाकराच्या अनुयायांचेच म्हणणे मान्य करावे लागते की तेथे केवळ कागद दिसतो आहे.